टिप्या आळशी झालेला नाही



अहमदपूर तालुक्यातल्या एका सातवीतल्या मुलीचं पत्र या आठवड्यात आलं. अक्षर सुरेख आणि प्रश्न त्याहून चांगला. ती लिहिते, ‘बाई, आमचा टिप्या दहा वर्षांचा आहे. आधी मी शाळेतून आले की फाटकापर्यंत पळत यायचा. आता बसल्या जागीच शेपूट हलवतो. सकाळी उठायला त्याला दोन-तीनदा जोर करावा लागतो. बाबा म्हणतात, वय झालंय, आळशी झालाय. आज्जी म्हणते, माझ्या गुडघ्याच्या गोळीतली अर्धी त्याला भाकरीत घालून दे. देऊ का?’

शेवटच्या दोन शब्दांचं उत्तर आधी देते, कारण ते थांबण्यासारखं नाही. देऊ नकोस. अर्धी नको, पावही नको. का नको, ते पुढं येईलच. पण त्याआधी टिप्याच्या पायात काय चाललं असेल, ते पाहू.

विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही उखळीचा सांधा आणि बिजागरीचा सांधा शिकलात ना? खांद्याचा आणि खुब्याचा सांधा उखळीचा, कोपराचा आणि गुडघ्याचा बिजागरीचा. कुत्र्यालाही हेच सांधे असतात. फक्त ते कुठं आहेत हे ओळखताना भलेभले फसतात. कुत्र्याच्या मागच्या पायात जो सांधा उलटा वाकलेला दिसतो, त्याला आपण गुडघा समजतो. तो गुडघा नव्हे, तो त्याचा घोटा! कुत्रं आपल्यासारखं तळपाय टेकून चालत नाही, बोटांवर चालतं. म्हणून त्याची टाच कायम हवेत असते. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो आणि तो आपल्यासारखाच पुढं वाकतो. आज घरी गेल्यावर पाहा बरं. पण पाय ओढून नको, नुसतं डोळ्यांनी.

सांध्यात दोन हाडांची टोकं समोरासमोर येतात. ती एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्यावर गुळगुळीत, लवचिक अस्तर असतं. त्याला कूर्चा म्हणतात. मध्ये थोडा चिकट द्रव असतो, तो वंगणाचं काम करतो. बैलगाडीच्या आसाला वंगण घालतात तसंच. वय, जास्तीचं वजन, जुनी दुखापत किंवा सांध्याची जन्मापासूनची चुकीची ठेवण यांमुळं हे अस्तर झिजू लागतं. सांध्याला सूज येते, हाडाच्या कडेला नवीन खडबडीत हाड वाढतं आणि हालचाल दुखू लागते. माणसांत याला संधिवात म्हणतात, डॉक्टर अस्थिसंधिवात म्हणतील. झिजलेली कूर्चा नीट भरून येत नाही. म्हणून हे दुखणं बरं होऊन निघून जात नाही. त्याला ताब्यात ठेवावं लागतं.

आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो, असं आपण म्हणतो. सांध्याचं दुखणं मात्र येतंच मुंगीच्या पावलानं. आज टिप्या ओट्यावर एका उडीत चढला नाही. महिन्यानं तो पायरीपाशी थांबून विचार करू लागला. आणखी सहा महिन्यांनी त्यानं ओट्यावर यायचंच सोडलं. रोज थोडं थोडं, म्हणून घरातल्या कुणाच्या नजरेत येत नाही. आणि कुत्रं ओरडून सांगेल म्हणाल, तर तेही नाही. पाय गाडीखाली आला तर ते केकाटतं, पण सांध्यातल्या रोजच्या ठणक्याला सहसा ओरडत नाही. गप्प बसतं. त्यालाच आपण आळस म्हणतो. माझ्या मते कुत्र्याच्या बाबतीत ‘आळशी’ हा शब्दच आपण वापरू नये. मांजराचं एक वेळ ठीक आहे!

मग ओळखायचं कसं? झोपून उठल्यावर तो आखडलेला असतो, पण दहा-वीस पावलं चालला की जरा मोकळा होतो. ही मोठी खूण आहे. पळताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखा उड्या मारतो. एकच सांधा सारखा चाटतो, इतका की तिथले केस जातात. मागच्या मांड्या बारीक होतात, कारण वापर कमी झाला की स्नायू झडतो. आणि कंबरेला हात लावला की, जो कधी गुरकावला नव्हता तो, गुरकावतो. अशा वेळी त्याला मारू नका, ‘बिघडला’ म्हणू नका. आणि तोंडाजवळ तोंडही नेऊ नका. दुखणारं कुत्रं आपल्या माणसालाही चावू शकतं. चावलंच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. कुत्रं घरचं असलं तरी!

एक मात्र आधी तपासा. आपल्याकडं बाभळी किती! लंगडणाऱ्या कुत्र्याच्या पंजात पुष्कळदा काटाच निघतो. मोठ्या माणसाला सोबत घेऊन बोटांच्या बेचक्या बघा. गोचिडांमुळं येणाऱ्या तापातही सांधे सुजतात आणि कुत्रं लंगडतं. तेव्हा ते जेवणही सोडतं, अंग तापतं. एका रात्रीत लंगडू लागलेलं कुत्रं आणि वर्षभरात हळूहळू मंदावलेलं कुत्रं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तुमच्यातले कितीतरी जण लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेला जाऊन आले असतील. खंडोबाची ती यात्रा, घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार, आणि कुत्र्यांचं प्रदर्शन. तिथं लांब पायांचे, आत गेलेल्या पोटाचे कारवानी आणि पश्मी दोरी ताणत उभे असतात. ही आपल्या भागाची कुत्री. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव त्यांच्यासाठी ओळखलं जातं. हाडापेरानं सडपातळ, धावण्यासाठीच घडवलेलं शरीर. अशा बांध्याच्या कुत्र्यांत खुब्याचा जन्मजात दोष क्वचित आढळतो. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातींत मात्र तो पुष्कळ दिसतो. त्यात खुब्याची उखळी उथळ असते, हाडाचा गोळा तिच्यात घट्ट बसत नाही, हलत राहतो आणि लहान वयातच झीज सुरू होते. हल्ली नांदेड-लातुरात फ्लॅटमध्येसुद्धा लॅब्रॅडॉर दिसतो. पिल्लू घेताना त्याच्या आईबापांच्या खुब्यांबद्दल कुणी विचारत नाही, गुबगुबीत आहे एवढंच बघतात. विचारा! आईबाबांना लाज वाटली तर तुम्ही विचारा.

आपल्या गावठी कुत्र्यांत मोठं कारण निराळंच असतं. रस्ता. लहानपणी मोटारसायकलची धडक बसते, मोडलेलं हाड आपोआप वाकडंतिकडं जुळतं, कुत्रं पुन्हा पळू लागतं आणि सगळे विसरतात. सांधा विसरत नाही. सहा-सात वर्षांनी तोच पाय दुखू लागतो.

आता आज्जीच्या गोळीकडं येऊ. आज्जीचा हेतू मायेचाच आहे हं, तिच्यावर रागवू नका. स्वतःच्या गुडघ्याला आराम पडला, म्हणून टिप्यालाही पडावा असं तिला वाटलं. तुम्ही म्हणाल, आज्जी ६० किलोची, टिप्या १५ किलोचा, म्हणजे पाव गोळी दिली की गणित जुळलं! नाही जुळत. हा त्रैराशिकाचा प्रश्नच नव्हे. औषध पोटात गेल्यावर यकृत त्याचे तुकडे करतं, आणि मूत्रपिंड किंवा आतडी ते शरीराबाहेर टाकतात. कुत्र्याचं यकृत हे काम माणसासारखं करत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या आपल्या घराघरांतल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, रक्त जातं, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पॅरासिटामॉलचंही तसंच, मांजराला तर त्याची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते. गुडघ्याला चोळायचा मलमही नको, कारण कुत्रं तो चाटून पोटात घालतं.

एका प्राण्याची गोळी दुसऱ्याला काय करते, याचा सगळ्यात मोठा धडा आपल्याच देशात घडला आहे. तुमच्या आजोबांना विचारा, गावाबाहेर ढोर टाकलं की गिधाडं किती उतरायची? तुमच्यातल्या बहुतेकांनी एकही पाहिलं नसेल. १९९०च्या दशकात ती भराभर मरू लागली. शिकाऱ्यांनी मारली म्हणावं तर जखम नाही, उपासमार म्हणावी तर मेलेली जनावरं जागोजाग पडलेली. साथ असेल असं पुष्कळांना वाटलं. शेवटी २००४ साली शास्त्रज्ञांनी उत्तर छापलं. डायक्लोफेनॅक! लंगडणाऱ्या, तापलेल्या गाई-बैलांना ते औषध सर्रास देत होते. बैलाला त्यानं आराम पडायचा. पण औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत ते जनावर मेलं, तर त्याच्या मांसात औषध उरायचं. ते मांस गिधाडानं खाल्लं की त्याचं मूत्रपिंड बंद पडायचं. १९९२ ते २००७ या १५ वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली हजारांतली ९९९ नाहीशी झाली.

सरकारनं २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना निर्धोक असल्याचं सिद्ध झालं होतं. पुढं २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही दोन औषधंही जनावरांसाठी बंद झाली. आणि कुत्र्यांचा याच्याशी काय संबंध, तर तोही आहे. गिधाडं गेली, तेव्हा उघड्यावर पडलेलं मांस भटक्या कुत्र्यांना मिळालं आणि त्यांची संख्या वाढली, असं अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. बैलाच्या दुखऱ्या पायावरची सुई कुठून कुठं गेली पाहा!

तर मग टिप्याला औषधच नाही का? आहे की. मेलॉक्सिकॅम, कारप्रोफेन ही औषधं कुत्र्यांना देतात. पण पशुवैद्यानं तपासून, वजन करून ठरवलेल्या मापात. ती पोटात अन्न असताना द्यायची. उलटी झाली, शौच काळी झाली किंवा जेवण सुटलं, तर लगेच थांबवून डॉक्टरांना कळवायचं. म्हाताऱ्या कुत्र्याचं रक्त तपासून मगच ती सुरू करणं बरं. आणि दुकानदारानं ‘हेच ते’ म्हणून हातात दिलेली माणसाची पट्टी आणायची नाही. गावात अजून कुणी बिब्ब्याचा चटका द्या, सळईनं डागा असं सांगतात. त्यानं सांध्यातली झीज भरत नाही. आधीच दुखत असलेल्या जीवाला भाजल्याची जखम तेवढी मिळते.

पण गोळीपेक्षाही मोठं औषध तुमच्या हातात आहे, आणि ते म्हणजे बिस्किट न देणं. हसू नका! अमेरिकेत लॅब्रॅडॉरच्या ४८ पिल्लांच्या जोड्या लावल्या होत्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा, म्हणजे २५ टक्के, कमी खायला देत गेले. जन्मभर. २००२ साली निष्कर्ष छापला. कमी खाणारी कुत्री जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली: मधल्या कुत्र्याचं वय धरलं तर १३ वर्षं, जास्त खाणाऱ्यांचं ११.२. आणि सांधेदुखीवर उपचार करायची वेळ त्यांच्यावर सुमारे तीन वर्षं उशिरा आली. ज्यांचं वजन आधीच वाढलंय, त्यांचं नुसतं सहा-सात टक्के उतरलं तरी लंगडणं कमी होतं, हेही दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं. २० किलोच्या कुत्र्याला हे किती झालं, करा हिशेब. सव्वा-दीड किलोसुद्धा नाही फार.

आता दुसरं गणित. एका लहान ग्लुकोज बिस्किटात सुमारे २५ कॅलरी असतात. १५ किलोच्या, फारसं न पळणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ७०० पुरतात. घरात चार माणसं, प्रत्येकानं ‘मी एकदाच दिलं’ म्हणून तीन-तीन बिस्किटं दिली, तर १२ बिस्किटं, ३०० कॅलरी. जवळपास अर्ध्या दिवसाचं जेवण झालं, आणि भाकरी, दूध, तूप लावलेली पोळी अजून बाकीच! घरात एकानंच खायला घालायचं, असं ठरवून टाका.

कुत्रं लठ्ठ आहे का, हे ओळखायला काटा लागत नाही. तुमचा हात सपाट पसरा आणि दुसऱ्या हाताची बोटं तळहाताच्या मागच्या बाजूवरून फिरवा. हाडं लागतात, पण वर थोडं मांस आहे. बरगड्या तशाच लागल्या तर वजन ठीक. तळहाताच्या मऊ भागावरून फिरवल्यासारखं वाटलं तर लठ्ठ. मूठ वळून उभ्या राहिलेल्या हाडांसारखं लागलं, तर तो उपाशी आहे. कारवानीच्या बरगड्या मात्र मुळातच दिसतात, त्याला लठ्ठ करायला जाऊ नका.

दुखतंय म्हणून साखळीला बांधून ठेवलं, तर सांधा आणखी आखडतो. आठवडाभर बांधायचं आणि रविवारी शेतापर्यंत पळवत न्यायचं, हे तर सगळ्यात वाईट. रोज दोन-तीन वेळा १०-१५ मिनिटं, दोरी धरून, त्याच्या चालीनं, मऊ मातीवरून. चेंडू फेकून एकदम वळायला, उडी मारायला लावू नका. उन्हाळ्यात ऊन चढण्याआधी. दुसऱ्या दिवशी तो जास्त आखडलेला दिसला, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा.

आपल्या घरांतली शहाबादी आणि गुळगुळीत फरशी उन्हाळ्यात छान गार लागते, पण दुखऱ्या पायांना ती बर्फावर चालल्यासारखी होते. तो रोज जातो त्या वाटेवर पोतं अंथरा, जुनी सतरंजी टाका. नखं वाढली असतील तर पाय आणखी घसरतात. ती डॉक्टरांकडून कापून घ्या. ओट्याला दोन-तीन विटा लावून एक रुंद फळी टेकवा, तिच्यावर पोत्याचा तुकडा ठोकून द्या. झाला उतार! हे काम सुट्टीत तुम्ही स्वतः करू शकता, हातोडी मात्र दादाच्या किंवा बाबांच्या हाती. थंडीत जमिनीचा गारवा लागू नये म्हणून खाली जुनी वाकळ दुहेरी घाला. थंडीनं हा रोग होत नाही, पण आखडलेपण वाढतं. गरम पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडानं दहा मिनिटं शेक देता येतो. आधी स्वतःच्या मनगटावर धरून बघा, तुम्हाला सोसलं तरच त्याला. सांधा तापलेला, ताजा सुजलेला असेल तर शेकू नका.

टिप्याला डॉक्टरांकडं न्यायच्या आधी एक वही करा. आज उठायला किती वेळ लागला, कोणता पाय उचलून धरला, किती पायऱ्या चढला, जेवला का. रोज दोन ओळी पुरे. बाबांच्या फोनवर तो उठतानाचं चित्रीकरणही करून ठेवा. कारण दवाखान्यात गेलं की कुत्रं घाबरून असं ताठ उभं राहतं, जणू काही झालंच नाही! दाखवायचं कुठं? आपल्या उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं शिकवण्याच्या दवाखान्यात कुत्रीही तपासतात. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. आणि १९६२ हा जनावरांसाठीचा सरकारी फोन नंबर आहे. हो, १०८ सारखाच, फक्त मुक्या रुग्णांसाठी.

पालकांसाठी दोन ओळी. चालता येईनासं झालेलं कुत्रं पोत्यात घालून गावाबाहेर किंवा बाजारात सोडून येण्याची रीत अजून सुटलेली नाही. उपासमारीत टाकून जनावर सोडून देणं, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. आणि तुम्ही पहाटे गुपचूप नेलंत, तरी मुलांना कळतंच. सोमवारी ती वर्गात येऊन बसतात, तेव्हा आम्हालाही कळतं.

तुमच्या कुत्र्याच्या वहीतली एका आठवड्याची पानं मला पाठवा. कुत्र्याचं नाव, वय आणि वजन लिहायला विसरू नका. वजन कसं करायचं? त्याला उचलू शकेल अशा मोठ्या माणसानं आधी एकट्यानं काट्यावर उभं राहायचं, मग कुत्र्याला हलकेच कडेवर घेऊन, आणि वजाबाकी तुम्ही करायची.